पाणी ओके

सकाळी ६.३०

आज गुरुवार. भोसरी-पिंपरीच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. वीजवाहिन्यांच्या देखभालीची कामंही याच दिवशी निघतात. कारखान्यांत वॉचमन आणि मेंटेनन्सची दोन-चार माणसं तेवढी जागेवर असतात. जनरेटरच्या सर्व्हिसवाल्यांची मात्र याच दिवशी धावपळ असते. एरवी चालू कारखान्यात डीजी सेटला हात लावायला कोणी देत नाही. "आणि नेमकी आत्ता लाइट गेली तर?" या प्रश्नाला उत्तर नसतं.

बॅगेत पाने-पक्कड असतातच. त्याशिवाय टीडीएस मीटर, रिफ्रॅक्टोमीटर, रेडिएटरच्या झाकणाचा दाब तपासायचा पंप, दोन स्वच्छ पारदर्शक बाटल्या आणि टेस्ट स्ट्रिपची डबी. सगळ्यात जपायची ती डबी. झाकण नीट लागलं नाही तर पट्ट्या हवेतली ओल खातात आणि मग वाटेल तो रंग दाखवतात.

डीजीचं डिझेल सगळे बघतात, कारण ते चोरीला जातं. ऑइलही बघतात, कारण त्याला डिपस्टिक आहे. कूलंटकडे बघताना मात्र एवढंच बघतात की रेडिएटर भरलेला आहे ना. डिझेल इंजिन आतून कशाने मरतं याचं अर्धं उत्तर या सवयीत आहे.

सकाळी ७.४५, भोसरी, जे ब्लॉक

शीटमेटलचा मध्यम कारखाना. मागच्या भिंतीला लागून कॅनोपीत २५० केव्हीएचा सेट, सहा सिलिंडरचा. रात्रभर बंद होता, त्यामुळे रेडिएटर गार आहे. आधी हात लावून खात्री करायची, मगच झाकण. झाकणाचं रबर कडक होऊन चिरलंय. पंप लावला, दाब धरत नाही.

आता नमुना. ओव्हरफ्लोच्या बाटलीतून घ्यायचा नाही, तिथलं पाणी इंजिनातून नीट फिरत नाही. खालच्या ड्रेन कॉकमधून आधी थोडं सोडून द्यायचं, मग बाटली भरायची. बाटली उजेडात धरली. मूळचा हिरवा रंग उतरून लिंबाच्या फिक्या सरबतासारखा झालाय आणि तळाला तांबूस गाळ बसतोय. पट्टी सेकंदभर बुडवली, झटकली, पाऊण मिनिट थांबलो. नायट्राइटचा चौकोन गुलाबी व्हायला हवा. पांढराच्या पांढरा राहिला.

"दादा, पाणी तर रोज बघतो आम्ही," हेल्पर म्हणाला आणि रजिस्टर घेऊन आला. खरंच बघतो. तारीख, तास, डिझेल, ऑइल, बॅटरी आणि शेवटच्या रकान्यात ओळीने 'पाणी ओके'.

"कमी झालं की काय टाकतोस?"

त्याने कोपऱ्यातल्या निळ्या ड्रमकडे बोट दाखवलं. बोअरचं पाणी. टीडीएस मीटर बुडवल्यावर आकडा हजाराच्या वर गेला. कूलंटमध्ये मिसळायच्या पाण्याला इंजिनवाल्यांनी घातलेली मर्यादा साधारण अशी: कठीणपणा १७० पीपीएमच्या आत, क्लोराइड ४०च्या आत, सल्फेट १००च्या आत. आपल्या काळ्या दगडातून येणारं बोअरचं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊनच वर येतं. त्याचा क्षार गरम लायनरवर बसतो आणि उष्णता बाहेर जाऊ देत नाही.

वॉटर पंपाजवळच्या होजची क्लिप सैल होती, थेंब थेंब गळत होतं. हेल्परच्या अंदाजाने महिन्याला दोनेक लिटर भर पडत असेल. त्याला तिथेच जमिनीवर खडूने हिशेब मांडून दाखवला. सिस्टिम साठ लिटरची धर. दोन लिटर कूलंट गळालं, दोन लिटर साधं पाणी आलं. महिन्याला तिसावा भाग पातळ. बारा महिन्यांनी मूळच्या औषधाचा, म्हणजे कूलंटमधल्या गंजरोधकांचा, तिसरा हिस्सा गेलेला असतो, आणि इंजिनाने स्वतः वापरलं ते यात धरलेलंच नाही. रेडिएटर मात्र रोज काठोकाठ.

"म्हणजे ओके लिहिलं ते खोटं नव्हतं," तो म्हणाला.

खोटं नव्हतंच. पातळी ओके होती. पातळीवरून प्रकृती कळत नाही एवढंच.

सकाळी ९.३०, निगडी, ट्रान्सपोर्टनगरी

इथल्या एका ओव्हरहॉलिंगच्या गॅरेजमध्ये उघडलेलं इंजिन बघायचं होतं. तेही डीजीचंच, दुसऱ्या एका कारखान्यातलं. ऑइल दुधाळ झालं म्हणून उतरवलेलं. मिस्त्रींनी लायनर काढून बाकावर आडवा ठेवला होता.

"भाऊ, आतून बघा. बोअर चकाचक आहे. होनिंगच्या रेघासुद्धा शाबूत."

आतून खरंच नवा वाटत होता. मग त्यांनी तो फिरवला. बाहेरच्या अंगाला, पिस्टन ज्या बाजूला दाबला जातो त्याच बाजूला, वरून खाली वीतभर लांबीच्या पट्ट्यात बारीक भोकं. एकेक भोक मोहरीएवढं, काही ठिकाणी चार-पाच एकत्र होऊन झालेला खड्डा. बाजूचा पृष्ठभाग गुळगुळीत. मिस्त्रींनी टाचणी एका भोकात घातली, ती डोक्यापर्यंत आत गेली. मी बोअरमध्ये मोबाइलचा टॉर्च लावला तर दोन ठिकाणी उजेड आरपार. गॅरेजच्या भाषेत याला 'लायनर किडला' म्हणतात.

हे गंजाने होत नाही, किंवा नुसत्या गंजाने होत नाही. वेट लायनर म्हणजे ज्याच्या बाहेरच्या अंगाला थेट कूलंट लागतं असा सिलिंडर. स्फोट झाला की पिस्टन खाली येताना एका बाजूकडून दुसऱ्या बाजूवर आपटतो. त्या आपटीने लायनर थरथरतो. भिंत पाण्यापासून इतक्या वेगाने मागे जाते की पाणी तिच्यामागे पोचू शकत नाही. क्षणभर दाब एकदम घसरतो आणि भिंतीलगत वाफेचे सूक्ष्म बुडबुडे तयार होतात. भिंत उलट येते तेव्हा ते बुडबुडे फुटतात. फुटतात म्हणजे आत कोसळतात, आणि कोसळताना पाण्याची सुईसारखी धार लोखंडावर मारतात. एका बुडबुड्याने काही होत नाही. पण आपल्याकडचे पन्नास हर्ट्झचे सेट बहुतेक १५०० आरपीएमवर चालतात. चार स्ट्रोकच्या इंजिनात एका सिलिंडरला मिनिटाला ७५० स्फोट, तासाला ४५ हजार. प्रत्येकाबरोबर एक आपट.

ही पीडा आधी जहाजवाल्यांना कळली. चार्ल्स पार्सन्सची 'टर्बिनिया' ही टर्बाइनवर चालणारी बोट १८९४मध्ये पाण्यात उतरली तेव्हा वेगच घेईना. पंखा इतका जोरात फिरत होता की त्याच्याभोवती पाण्याऐवजी पोकळ्या होत होत्या. पार्सन्सने एका दांड्याऐवजी तीन दांडे आणि नऊ पंखे लावले, तेव्हा कुठे ती पळाली. कोसळणाऱ्या पोकळीत दाब किती होतो याचं गणित लॉर्ड रॅले यांनी १९१७मध्ये मांडलं. पंख्याला जे होतं तेच लायनरला होतं, फरक एवढाच की पंखा बोट किनाऱ्याला लावून बघता येतो.

मिस्त्रींचा प्रश्न सरळ होता. "मग औषध काय करतं? बुडबुडे थांबवतं?"

थांबवत नाही. झाकण नीट दाब धरत असेल तर बुडबुडे कमी होतात. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून झाकणाचं महत्त्व आणखी. पण पूर्ण थांबत नाहीत. कूलंटमधलं नायट्राइट लायनरच्या अंगावर लोहाच्या ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर धरतं. बुडबुड्यांचा मार तो थर खातो. थर उडाला की नायट्राइट लगेच नवा धरतं. लोखंडापर्यंत मार पोचत नाही, पण या कामात नायट्राइट खर्च होत राहतं. म्हणून ते परत परत द्यावं लागतं. मॉलिब्डेट जोडीला असेल तर नायट्राइट कमी लागतं. अवजड डिझेल इंजिनांच्या कूलंटसाठी एएसटीएमचं डी ६२१० हे मानक आहे. त्याच्या हिशेबाने नायट्राइट एकटं असेल तर १२०० पीपीएम हवं, मॉलिब्डेटसोबत असेल तर दोन्ही मिळून ७८०, आणि त्यात प्रत्येक किमान ३००.

"आणि लायनर नसलेलं इंजिन? ब्लॉकमध्येच बोअर असलेलं?" त्यांचा पुढचा प्रश्न.

त्यांचीही सुटका नाही. अमेरिकेत १९८०च्या दशकात फोर्डच्या पिकअपमध्ये इंटरनॅशनलची ६.९ आणि नंतर ७.३ लिटरची डिझेल इंजिनं बसत. त्यांना लायनर नव्हते, तरी बोअरच्या भिंतीला पाण्याच्या अंगाने भोकं पडायची. लायनर बदलता येतो. तिथे ब्लॉकलाच हात घालावा लागायचा.

सकाळी ११.३०, तळवडे

छोटं वर्कशॉप. इथला सेट किर्लोस्करच्या एचए मालिकेचा, एअर कूल्ड. रेडिएटर नाही, कूलंट नाही. मालक दर वेळी हसत म्हणतात, "तुमचा धंदा आमच्याकडे चालायचा नाही." पंख्याचा पट्टा तपासला, सिलिंडरच्या पाकळ्यांमधली धूळ हवेने उडवली, चहा घेतला, निघालो.

या भागाला डिझेल इंजिनांची सवय जुनी आहे. खडकीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ची, कोथरूडला कमिन्सचं बस्तान १९६२चं. इंजिन उघडणारे, जोडणारे हात इथे तीन पिढ्यांचे आहेत. पिस्टन रिंगचा आवाज कानाने ओळखणारी माणसं भेटतात. कूलंटचा नमुना मागणारी फार नाहीत.

दुपारी १२.४५, नाशिक रस्ता

चिखलीवरून मोशी, तिथून हायवे. चिंबळी फाट्यापासून गाड्या मुंगीच्या पायाने सरकत होत्या. कुरुळीच्या अलीकडे एक ट्रेलर कडेला. ड्रायव्हर कॅब उचलून बादलीने रेडिएटरवर पाणी मारत होता, आणि दुसरा हात फडक्याने झाकण पिळायला निघाला होता.

"दादा, थांबा. झाकणाला हात नको. वाफ तोंडावर येईल."

थांबला. अर्ध्या तासाने बोललो तेव्हा कळलं की गाडीला थर्मोस्टॅटच नाही. कुठल्याशा गॅरेजने 'गाडी थंड राहील' म्हणून काढून टाकला होता. हा उपाय आपल्याकडे फार लोकप्रिय आहे आणि फार उलटा आहे. थर्मोस्टॅट ८० अंशांच्या आसपास उघडतो, त्याचं काम इंजिनाला लवकर त्या तापमानाला आणणं. तो काढला की इंजिन सपाटीवर गार राहतं. गार इंजिनात पिस्टन आणि लायनरमधली फट मोठी, आपट जोरात, आणि बुडबुड्यांचा मार पाणी पन्नास-साठ अंशांवर असताना सगळ्यात वाईट. शिवाय घाटात, जाममध्ये गाडी तापायची तर तापतेच, कारण खरं दुखणं चोंदलेला रेडिएटर असतो.

"मालकाला सांगा, थर्मोस्टॅट बसवा आणि रेडिएटर साफ करा."

"मालक म्हणतात पाणी टाकत राहा."

यावर मी काय बोलणार. कूलंटचा डबा घ्यायला परवानगी लागते, पाण्याच्या बादलीला लागत नाही.

दुपारी २.३०, महाळुंगे

डबा गाडीतच खाल्ला. चाकणला सरसकट गुरुवारची सुट्टी नाही, इथला हा सुट्या भागांचा कारखाना चालूच होता. मात्र सेट दोन, म्हणून एक मोकळा मिळाला.

मेंटेनन्सचे साहेब जागरूक. त्यांनी आधीच सांगितलं, "आमच्याकडे कमी पडायचा प्रश्न नाही. दर महिन्याला एक बाटली टाकतोच."

"पट्टी लावून?"

"पट्टी कशाला? जास्त असलं तर चांगलंच की."

ड्रेन कॉक उघडला तर धार येईना. तारेने टोचल्यावर आधी हिरवट-पांढरी, साबणाच्या लगद्यासारखी गोळी पडली, मग पाणी. वॉटर पंपाच्या खालच्या छिद्राजवळ पांढऱ्या खड्यांची रांग. औषध मर्यादेबाहेर गेलं की सिलिकेट, फॉस्फेट विरघळलेलं राहत नाही. ते जेलीसारखं बाहेर पडतं, रेडिएटरच्या नळ्या चोंदवतं आणि पंपाच्या सीलवर खडे धरतं. सील घासून पंप गळू लागतो. पट्टीचा चौकोन तक्त्यातल्या सगळ्यात गडद रंगाच्याही पुढे गेलेला.

त्यात भर म्हणजे मधल्या काळात कोणीतरी लाल कूलंटचा कॅन ओतला होता. लाल म्हणजे चांगलं आणि हिरवं म्हणजे जुनं असं काही नसतं. रंग कंपनी घालते, त्याला मानक नाही. खरा फरक आतल्या रसायनाचा. जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये नायट्राइट, सिलिकेट, बोरेट. नव्या लाँग लाइफ कूलंटमध्ये सेंद्रिय आम्लांचे क्षार, ते फार हळू खर्च होतात. अशा कूलंटला डीसीएची, म्हणजे वरून घालायच्या औषधाची, बाटली द्यायची नसते. एकाला दुसऱ्यात मिसळलं की दोघांचाही नीट गुण येत नाही. १ जुलै २०२३पासून सीपीसीबी-४ प्लस या उत्सर्जन मानकाचे नवे सेट बाजारात आले. नवा सेट आणि जुना सेट एकाच कॅनोपीच्या रांगेत उभे असतात, आणि दोघांना एकच कॅन. इंजिनाच्या पुस्तकात काय लिहिलंय ते बघूनच कॅन उघडायचा.

"आणि एक सांगा," साहेब म्हणाले, "कॅनवर अँटीफ्रीझ लिहिलंय. आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?"

प्रश्न चांगला आहे. पुण्याचा नीचांक १.७ अंश, तोही जानेवारी १९३५मधला. इथे गोठायची भीती नाही. पण ग्लायकॉल उकळायचा बिंदूही वर नेतं. निम्मं पाणी, निम्मं ग्लायकॉल असेल तर साध्या दाबालाही १०८ अंशांच्या आसपास. शिवाय कॅनमधल्या ग्लायकॉलसोबतच गंजरोधक येतात. साधं पाणी वापरायचंच असेल तर औषधाचं प्रमाण वेगळं आणि लक्ष दुप्पट.

इथे काही टाकायचं नव्हतं, काढायचं होतं. पूर्ण रिकामं, फ्लश, गाळलेल्या आरओच्या पाण्याने धुणं, मग नवं कूलंट. हेल्परने पाइप सरळ गटाराकडे वळवला होता, तो उचलून ड्रममध्ये घातला. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी असतं. कुत्रं-मांजर चाटून मरतं. शिवाय इथलं गटार जातं कुठे? इंद्रायणीत. तिच्या फेसाच्या बातम्या आळंदीहून दरवर्षी येतात, त्यात आपण भर घालू नये. ड्रमवर चिठ्ठी लावली. घातक कचऱ्याची सामायिक व्यवस्था रांजणगावला आहे, तो मार्ग प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नियमांतला आहे.

संध्याकाळी ५.१५, खराबवाडी

शेवटचा सेट. फारच कमी चाललेला. तासांचा काटा जवळजवळ तिथेच. कूलंटच्या फिल्टरवर डीसीएचा शिक्का, पण रंग उडालेला. "अडीचशे तास भरलेच नाहीत, म्हणून बदलला नाही," असं उत्तर आलं. पुस्तकात पूर्ण ओळ अशी असते: २५० तास किंवा सहा महिने, जे आधी येईल ते. पहिला अर्धा सगळ्यांना पाठ असतो.

उभा सेट सुरक्षित वाटतो, तसा तो नसतो. कूलंट उभ्यानेही जुनं होतं. ग्लायकॉल हळूहळू आम्ल होत जातं. आणि स्टँडबाय सेटचं चालणं आडदांड असतं. लाइट गेली की एएमएफ पॅनल दहाएक सेकंदांत त्याला उठवतो आणि गार अंगावरच सगळा लोड टाकतो. फट मोठी, आपट मोठी. लायनरला एखादं भोक पडलं असेल तर बंद असताना पाणी मुंगीच्या वाटेने सिलिंडरमध्ये साचत राहतं. पाणी दाबलं जात नाही. पुढच्या वेळी लाइट जाते, स्टार्टर मारतो, पिस्टन वर येतो, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ज्या क्षणासाठी सेट घेतला त्याच क्षणी तो जातो.

इथे नायट्राइट कमी होतं, पण शून्य नव्हतं. टीडीएस ठीक. फिल्टर बदलला, तक्त्याप्रमाणे मोजून औषध घातलं, अर्धा तास सेट चालवून मिसळू दिलं, गार झाल्यावर परत पट्टी लावली. गुलाबी. रजिस्टरमध्ये 'पाणी' हा रकाना खोडून तीन केले: किती टाकलं, कुठलं टाकलं, पट्टीचा आकडा. वॉचमन काकांनी विचारलं, "हे रोज भरायचं?" नाही. पहिले दोन टाकलं तेव्हाच, तिसरा सहा महिन्यांनी.

रात्री ८.३०

रिपोर्ट लिहीत होतो तेव्हा जे ब्लॉकच्या मालकांचा फोन आला. हेल्परने खडूचा हिशेब त्यांना सांगितला होता, आणि मी पाठवलेला लायनरचा फोटो त्यांनी बघितला होता.

"आमच्याही इंजिनाला अशी भोकं पडली असतील?"

"ऑइलचा नमुना लॅबला पाठवलाय. सोडियम किंवा ग्लायकॉल दिसलं तर कळेल. तोवर सेट ऑटोवर ठेवू नका. सुरू करण्याआधी हाताने फिरवून बघायला सांगा."

"आणि नसतील तर?"

"तर क्लिप, झाकण, फ्लश आणि नवं कूलंट. ओव्हरहॉलपुढे तो खर्च काहीच नाही."

थोडा वेळ शांतता. मग ते म्हणाले, "असं करा, औषधाचे दोन डबे जास्तीचे टाका. एकदाच काय ते होऊन जाऊ दे."

"जास्तीचे नाही, साहेब. पट्टी सांगेल तेवढंच. आणि पुढच्या गुरुवारी आठच्या आधी सेट चालवू नका. गरम रेडिएटरचं झाकण मी उघडत नाही."